इंग्रजी येईल हो, पण तुमचं म्हणणं काय?

अकरावी-बारावीत असतानाच आयेल्ट्सची तयारी करताय? मग पाठ केलेले निबंध आणि जड शब्दांची वही जरा बाजूला ठेवा. माझ्या मामेबहिणीच्या पहिल्या प्रयत्नाची मीच कशी वाट लावली आणि दुसऱ्या वेळी आम्ही काय बदललं, त्याची ही गोष्ट.

'लहानपणी तुम्हाला काहीतरी शिकवणाऱ्या एका व्यक्तीबद्दल बोला.'

समजा, आत्ता या क्षणी हा प्रश्न तुम्हाला कुणी विचारला. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन मिनिटं आणि बोलायचं इंग्रजीत. कुणाचं नाव येईल तोंडात?

खरं सांगा. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम ना?

माझ्या मामेबहिणीच्या तोंडातही तेच आलं. आमच्या घरच्या डायनिंग टेबलावर मॉक टेस्ट चालली होती. परीक्षक मी. हातात मोबाइलचा स्टॉपवॉच. ती डोळे छताकडे लावून घडाघडा बोलत होती. रामेश्वरम, वृत्तपत्रं वाटणारा मुलगा, अग्निबाण, राष्ट्रपती भवन. एक मिनिट चाळीस सेकंदांत भाषण संपलं. एकही चूक नाही.

मी म्हटलं, "छान. पण कलाम सरांनी तुला लहानपणी काय शिकवलं गं?"

ती गप्प. मग म्हणाली, "ताई, वहीत एवढंच आहे."

तिच्या क्लासमधून मिळालेली ती वही होती. त्यात पन्नासेक विषयांवरची तयार भाषणं होती आणि कुठलाही प्रश्न आला तरी त्यातलं एखादं जुळवून घ्यायचं, असा सल्ला होता. आता मी क्लासला नावं ठेवीन असं तुम्हाला वाटेल. पण थांबा. त्या वहीच्या शेवटच्या पानावर जड इंग्रजी शब्दांची एक यादी होती. 'प्लेथोरा', 'पॅरामाउंट', 'इन अ नटशेल', 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स'. ती यादी माझ्या अक्षरात होती. मास कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली, पेपरात इंटर्नशिप करणारी ताई म्हणून घरच्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं आणि ताईने तिला शब्द पाठ करायला दिले होते!

आधी परीक्षा समजून घेऊ

माझी मामेबहीण कोरेगाव तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग सायन्स. तिला ऑस्ट्रेलियात कृषीचं शिक्षण घ्यायचं आहे. तिने निवडलेल्या विद्यापीठाची अट होती, आयेल्ट्समध्ये एकूण ६.५ बँड आणि कुठल्याही भागात ६ पेक्षा कमी नको.

आयईएलटीएस, म्हणजे आपल्या बोलण्यातली आयेल्ट्स, ही परीक्षा १९८९ पासून होते. ब्रिटिश कौन्सिल, आयडीपी आणि केंब्रिज या तिघांची ती मिळून आहे. भारतात २०२१ पासून तिचं सगळं कामकाज आयडीपी बघते. तिचे दोन प्रकार आहेत, अकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग. डिग्रीसाठी बाहेर जायचं असेल तर साधारणपणे अकॅडमिक. फॉर्म भरताना इथे चूक करू नका.

परीक्षेचे चार भाग. ऐकणं साधारण ३० मिनिटं, ४० प्रश्न. वाचन ६० मिनिटं, तीन उतारे, ४० प्रश्न. लेखन ६० मिनिटं, दोन प्रश्न. आणि बोलणं ११ ते १४ मिनिटं. इथे पास-नापास असं काही नसतं. ० ते ९ असे बँड असतात, मध्ये अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. चारही भागांची सरासरी काढतात आणि ती जवळच्या अर्ध्या बँडला नेतात. म्हणजे सरासरी ६.२५ आली तर ६.५ धरतात. निकाल साधारण दोन वर्षं चालतो.

आता आपल्याकडची गंमत बघा. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे बारावीपर्यंत तुम्ही-आम्ही बारा वर्षं इंग्रजी शिकलेलो असतो. आमचे आबा, म्हणजे आईचे वडील, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन कंदिलाच्या उजेडात इंग्रजी शिकले. आपल्याकडे मोबाइल आहे, यूट्यूब आहे, शिकवण्या आहेत. तरीही समोरच्याने इंग्रजीत 'तुला काय वाटतं?' असं विचारलं की आपली गाडी अडते. का? कारण बारा वर्षांत हा प्रश्न आपल्याला कुणी विचारलेलाच नसतो. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं गाइडमध्ये होती, निबंध सरांनी फळ्यावर लिहून दिले होते. आपण ते सुंदर अक्षरात उतरवून काढले आणि मार्कही मिळवले.

निकाल आला तो दिवस

पहिल्या वेळी तिला ऐकण्यात ६.५, वाचनात ६, बोलण्यात ६ आणि लेखनात ५.५ मिळाले. एकूण ६. म्हणजे एकूण बँडही कमी आणि लेखनाची अटही हुकलेली.

पाच आकडी फी भरली होती मामाने. तो काही बोलला नाही. मामी म्हणाली, "जाऊ दे, इथंच बीएस्सी ॲग्री करू." फोनवर सगळे एकदम समजूतदार झाले आणि त्या समजूतदारपणाचाच तिला जास्त त्रास झाला. ती मला एवढंच म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं मला इंग्रजी येतं."

मला ते वाक्य लागलं. कारण इंग्रजी तिला येतच होतं. तिला दिलेली वही तिची नव्हती.

तुम्हाला एक गोष्ट माहीत असू द्या. आयेल्ट्सच्या परीक्षकांना पाठ केलेलं उत्तर ओळखायचं प्रशिक्षण असतं. लेखनाचं उत्तर पूर्णपणे पाठ केलेलं आहे असा पुरावा मिळाला, तर त्याला शून्य बँड देण्याची तरतूद त्यांच्या गुणपद्धतीत चक्क लिहिलेली आहे. प्रश्नातलीच वाक्यं उत्तरात उतरवली तर तीही मोजत नाहीत. आणि 'प्लेथोरा'सारखा शब्द चुकीच्या जागी ठोकला, तर तो लग्नात घातलेल्या भाड्याच्या शेरवानीसारखा दिसतो. खांद्यावर बसत नाही, हे लांबूनही कळतं.

'नॉट गिव्हन'ची भानगड

दुसऱ्या वेळची तयारी आम्ही वाचनापासून सुरू केली. त्याचं कारण माझ्या ऑफिसात आहे.

आमच्या डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक आहेत. माझी पहिली बातमी त्यांनी वाचली तेव्हा त्यातल्या एका वाक्याखाली लाल रेघ मारून विचारलं, "हे कुणी सांगितलं?" मी म्हटलं, "सर, तसंच असणार ना!" ते म्हणाले, "असणार की आहे?" बस, एवढंच. वाक्य काढून टाकलं.

आयेल्ट्सच्या वाचनात एक प्रश्नप्रकार असतो, ज्याला सगळे घाबरतात. ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. खाली काही विधानं देतात. उताऱ्याशी जुळतं ते ट्रू. उताऱ्याच्या विरुद्ध जातं ते फॉल्स. उताऱ्यात त्याबद्दल काही सांगितलेलंच नसेल तर नॉट गिव्हन. हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

समजा उताऱ्यात लिहिलंय, 'गेल्या वर्षी या मार्गावरच्या एसटीच्या फेऱ्या चारवरून सहा झाल्या.'

पहिलं विधान, 'गेल्या वर्षी या मार्गावरच्या फेऱ्या वाढल्या.' हे ट्रू.

दुसरं, 'गेल्या वर्षी या मार्गावरच्या फेऱ्या घटल्या.' हे फॉल्स.

तिसरं, 'प्रवाशांनी मागणी केली म्हणून फेऱ्या वाढल्या.'

इथे आपला हात ट्रूकडे जातो. कारण आपल्याला माहीत असतं, मागणी असल्याशिवाय एसटी कशाला फेऱ्या वाढवेल? पण ते उताऱ्यात आहे का? नाही. मग उत्तर नॉट गिव्हन. तुम्हाला एसटीबद्दल काय माहीत आहे, हे इथे कुणी विचारत नाहीये. समोरच्या कागदावर काय आहे, एवढंच विचारतायत.

माझी बहीण यात हमखास चुकायची. ती हुशार आहे म्हणूनच चुकायची. डोकं भराभर पुढे धावायचं. मग आम्ही एक नियम केला. प्रत्येक उत्तरापुढे उताऱ्यातली ओळ पेन्सिलीने अधोरेखित करायची. ओळ सापडली तर ट्रू किंवा फॉल्स. ओळ सापडत नसेल तर हट्ट करायचा नाही, नॉट गिव्हन लिहून पुढे जायचं. तीन आठवड्यांत तिच्या चुका निम्म्यावर आल्या.

आणि एक. वाचनाला साठ मिनिटं म्हणजे साठच मिनिटं. उत्तरं उतरवायला वेगळा वेळ देत नाहीत. एका उताऱ्याला वीस मिनिटं धरा. शेवटचा उतारा बहुधा सगळ्यांत अवघड असतो, त्यामुळे पहिल्यावर रेंगाळू नका.

एक बातमी, एक अग्रलेख

लेखनात तिला ५.५ का मिळाले, हे शोधायला आम्ही तिचे जुने सराव पेपर काढले. एका पेपरात आलेख होता, तीन देशांतल्या गव्हाच्या उत्पादनाचा. हिने लिहिलं होतं, एका देशाचं उत्पादन घटलं 'कारण तिथे पाऊस कमी झाला असावा'. शेतकऱ्याची पोरगी, तिला पावसाचीच आठवण येणार! पण आलेखात पाऊस कुठे होता?

मग मी तिला आमच्या पेपरची भाषा वापरून सांगितलं. लेखनाचा पहिला प्रश्न म्हणजे बातमी. आलेख, तक्ता, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया समोर असते. किमान १५० शब्दांत त्यातलं महत्त्वाचं सांगायचं. सगळ्यात मोठा बदल कुठला, काय वाढलं, काय घटलं, कशाची कशाशी तुलना होते. स्वतःचं मत नको, अंदाज नको. दुसरा प्रश्न म्हणजे अग्रलेख. किमान २५० शब्द. तिथे तुमचंच मत हवं, आणि त्यामागे कारण आणि उदाहरण हवं. बातमीला वीस मिनिटं, अग्रलेखाला चाळीस. मार्कांतही अग्रलेखाचं वजन बातमीच्या दुप्पट.

पाऊस तिथे, अग्रलेखात, घाल म्हटलं हवा तेवढा.

आपली सगळ्यांची अडचण अशी की आपण दोन्हींचा काला करतो. जिथे फक्त दिलेलं सांगायचं तिथे आपली मतं घुसवतो, आणि जिथे मत विचारलंय तिथे 'नाण्याला दोन बाजू असतात' म्हणून सुटका करून घेतो. दोन बाजू असतातच. तुम्ही कुठल्या बाजूला उभे आहात, ते सांगा ना!

मग आम्ही रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर एक खेळ खेळायला लागलो. मी विषय द्यायचे. शाळेत मोबाइलला बंदी असावी का? मोठ्या शहरांत राहणं चांगलं की लहान गावात? तिने आधी मराठीत तीनच वाक्यं बोलायची. एक मत, एक कारण आणि एक स्वतः पाहिलेलं उदाहरण. मराठीतच जर तीन वाक्यं सुचली नाहीत, तर इंग्रजीत अडीचशे शब्द कुठून येणार?

इथे एक धोका मात्र आहे. विचार मराठीत करा, पण वाक्याचं वाक्य भाषांतर करू नका. आपल्या भाषेत 'अ', 'ॲन', 'द' हा प्रकारच नाही. 'माझे वडील शिक्षक आहेत' हे आपलं वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीत शिक्षकाच्या आधी 'अ' लागतो, आणि तो आपण हमखास खातो. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लागत नाही, पण आपण 'विषयाबद्दल चर्चा' करतो म्हणून ते चिकटवतो. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे तर आपलं राष्ट्रीय वाक्य! या चुकांची स्वतःची एक यादी करा. माझ्या बहिणीच्या यादीत अकरा चुका होत्या. लिहून झालं की शेवटची चार मिनिटं फक्त त्या अकरा शोधायच्या. जड शब्दांच्या माझ्या यादीपेक्षा ही यादी तिला कितीतरी जास्त उपयोगी पडली.

कान एकदाच मिळतात

ऐकण्याच्या भागात रेकॉर्डिंग एकदाच वाजतं. परत नाही. आणि बोलणारी माणसं खऱ्यासारखी बोलतात. 'आपण मंगळवारी भेटू... नको, मंगळवारी मला काम आहे, बुधवारी जमेल?' ज्याने मंगळवार लिहून पेन खाली ठेवलं, तो गेला. स्पेलिंग चुकलं तर मार्क जातो. 'दोनपेक्षा जास्त शब्द नकोत' असं लिहिलं असताना तीन शब्द लिहिले, तरी जातो. ब्रिटिश स्पेलिंग चालतं, अमेरिकनही चालतं.

उच्चार वेगवेगळ्या देशांचे असतात. ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे. यावर आमच्या घरात सापडलेला स्वस्त उपाय म्हणजे क्रिकेट. कॉमेंट्री मराठी-हिंदीतून इंग्रजीवर आणा. रिकी पाँटिंग बोलायला लागला की डोळे मिटा आणि बॉल कुठे पडला ते नुसतं ऐकून सांगा. मामाला हा अभ्यास फार आवडला. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रमही फुकट आहे. कॉलेजला जाताना एसटीत एक भाग सहज ऐकून होतो.

आबांचा स्टार्टर

आता परत त्या पहिल्या प्रश्नाकडे. लहानपणी तुम्हाला काहीतरी शिकवणारी व्यक्ती.

मी तिला म्हटलं, "वही बंद कर. मराठीत सांग. तुला लहानपणी खरंच कुणी काय शिकवलं?"

जरा वेळ गेला. मग ती म्हणाली, "आबांनी मोटर चालू करायला शिकवली की."

आणि मग ती बोलतच सुटली. रानातली थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्री बाराला यायची. आबांचे गुडघे दुखायचे म्हणून दहा वर्षांची ही बॅटरी धरून बरोबर जायची. आबांनी शिकवलं, आधी चप्पल घाल. हात कोरडे कर. पेटीवरचे तिन्ही दिवे लागलेत का बघ. दोनच लागले असतील तर एक फेज गेलेली असते, तेव्हा बटण दाबलं तर मोटर जळते. तिन्ही लागले की व्होल्टेजचा काटा बघ. मगच हिरवं बटण. मोटर घरघरली, पाइपात पाणी चढल्याचा आवाज आला की आबा म्हणायचे, "झालीस इंजिनिअर."

मी म्हटलं, "आता हेच इंग्रजीत."

"ताई, शेतीतलं इंग्रजी मला कुठं येतंय?"

"मोटरला इंग्रजीत काय म्हणतात?"

"मोटर."

"स्टार्टरला?"

ती हसायला लागली. थ्री फेज, स्टार्टर, व्होल्टेज, फ्यूज, पाइप, बटण. अर्धं इंग्रजी तर आबांनीच शिकवलं होतं! ती बोलली. अडखळली, काळ चुकले, एकदा 'टोल्ड'चं 'टेल्ड' झालं. पण एक मिनिट पन्नास सेकंद ती माझ्याकडे बघून बोलली. छताकडे नाही. आणि माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर, ती पेटी, ते तीन दिवे आले.

मी पुढचा प्रश्न टाकला. मुलांनी मोठ्यांकडून शिकावं की इंटरनेटवरून? बोलण्याच्या तिसऱ्या भागात असेच प्रश्न येतात, हातातल्या विषयावरून जरा मोठ्या विषयाकडे नेणारे. ती म्हणाली, यूट्यूबवर मोटर कशी चालते ते दिसतं, पण आपल्या रानात कुठली फेज जाते ते आबांनाच माहीत. हे उत्तर कुठल्या वहीत मिळालं असतं?

बोलण्याच्या परीक्षेत समोर माणूस असतो, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. तो चार गोष्टी बघतो. ओघ आणि सुसंगती, शब्द, व्याकरण, उच्चार. उच्चार म्हणजे ब्रिटिश ॲक्सेंट नव्हे. तुमचं बोलणं समोरच्याला नीट कळतंय का, एवढाच प्रश्न. कोरेगावचा हेल चालतो. काही ध्वनींकडे मात्र लक्ष द्या. आपल्याकडे एकच 'व' आहे. पश्चिम दिशा लिहायची तरी 'वेस्ट' आणि गंजीफ्रॉक लिहायचा तरी 'वेस्ट'. इंग्रजीत पहिल्याला ओठांचा चंबू होतो, दुसऱ्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. आरशासमोर पाच मिनिटं पुरतात.

वेळेचं गणित

अकरावी-बारावीवाल्यांसाठी खरी अडचण वेळेची. बोर्ड, प्रॅक्टिकल, सीईटी, सगळं फेब्रुवारीनंतर अंगावर येतं. तेव्हा आयेल्ट्स मध्ये घुसवू नका. आम्हाला जमलेलं वेळापत्रक असं. अकरावी संपल्यावरच्या सुट्टीत एक पूर्ण सराव पेपर सोडवून आपण कुठे आहोत ते बघायचं. मग पावसाळ्यात रोज एक तास, आणि दिवाळीच्या आसपास परीक्षा. एखादा बँड कमी पडलाच तर परत द्यायला हातात वेळ राहतो. अर्थात आम्ही हे शहाणपण ठेच लागल्यावर शिकलो. पहिली परीक्षा तिने जूनमध्ये घाईघाईत दिली होती, दुसरी ऑक्टोबरच्या शेवटी.

पासपोर्ट आधी काढा. आपल्याकडे ओळखपत्र म्हणून तोच लागतो. परीक्षा कॉम्प्युटरवर देणार असाल तर टायपिंगची सवय करा. मोबाइलवर अंगठ्यांनी सुसाट टाइप करणारी मुलं कीबोर्डवर एकेक अक्षर शोधत बसतात आणि अग्रलेखाची चाळीस मिनिटं संपतात.

पैशांचं म्हणाल तर महागडा क्लास लावल्याशिवाय होत नाही, असं काही नाही. केंब्रिजची सराव परीक्षांची पुस्तकं पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी मिळतात. मागच्या मुलाने पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं तेवढी खोडा. अधिकृत संकेतस्थळावर नमुना पेपर फुकट आहेत. आणि तुमचं लिहिलेलं वाचून 'हे कुठून आणलं?' असं विचारणारं एक माणूस शोधा. शिक्षक, दादा, ताई, मैत्रीण, कुणीही. ते विकत मिळत नाही.

पुढे काय झालं?

दुसऱ्या वेळी ऐकण्यात ७, वाचनात ६.५, लेखनात ६, बोलण्यात ६.५. एकूण ६.५. लेखनाचा ६ अगदी काठावरचा, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे. परीक्षेत मोटरचा प्रश्न आलाच नाही. गर्दीच्या एखाद्या ठिकाणाबद्दल बोलायचं होतं. तिने कोरेगावचा आठवडी बाजार सांगितला.

ऑस्ट्रेलियाचं अजून ठरायचं आहे. मामा कर्जाच्या चौकशीला बँकेत जाऊन आलाय, आकडा ऐकून दोन दिवस शांत होता. तेव्हा ही 'कष्टाचं फळ मिळालं'वाली गोष्ट नाही. बँड मिळाला म्हणून व्हिसा मिळत नाही आणि फीही भरली जात नाही. हे तुम्हाला जाहिरातीत कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

पण परवाची गंमत ऐका. आमच्या फॅमिली ग्रुपवर मामाने एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. अमुक रस रोज प्या, तमुक आजार बरा होतो, परदेशी डॉक्टरांनी मान्य केलंय. खाली नेहमीप्रमाणे नमस्कार आणि अंगठे सुरू झाले. मग तिचा मेसेज आला, दोनच शब्दांचा.

'नॉट गिव्हन.'

मामाने विचारलं, म्हणजे काय गं? तिने तिथेच समजावून सांगितलं. मराठीत.

जाता जाता

• फॉर्म भरण्याआधी विद्यापीठाची अट नीट वाचा. एकूण बँड वेगळा आणि प्रत्येक भागाचा किमान बँड वेगळा.

• वाचनात उत्तराची ओळ दाखवता आली पाहिजे. 'असणार' म्हणून उत्तर लिहू नका.

• लेखनाचा पहिला प्रश्न बातमी, दुसरा अग्रलेख. काला करू नका.

• ऐकताना बोलणारा स्वतःचंच वाक्य दुरुस्त करतोय का, तिकडे कान ठेवा.

• आपल्या नेहमीच्या चुकांची यादी करा आणि शेवटची चार मिनिटं त्यांच्यासाठी राखून ठेवा.

• बोलताना थोरामोठ्यांची चरित्रं नकोत. तुमच्या घरातली, गल्लीतली, रानातली माणसं आणा. त्यांच्याबद्दल तुम्हाला जे माहीत आहे, ते परीक्षकाने आधी कधीच ऐकलेलं नसतं.